हंगामापासून मागे मोजा: छोटा धंदा वर्षात केव्हा सुरू करावा

आमच्या मसाला-फराळाच्या युनिटची पूजा आम्ही दसऱ्याला केली. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, घरच्यांचा आग्रह, आणि पुढे वीस दिवसांवर दिवाळी. याहून चांगला दिवस शोधून सापडणार नाही असं सगळ्यांनाच वाटत होतं. पूजा झाली, पेढे वाटले, दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी यायला लागल्या आणि आठव्या दिवशी मला फोन उचलायची भीती वाटायला लागली. भाजणीचं जे प्रमाण पाच किलोला जमत होतं ते पन्नास किलोला बिघडलं, चकल्या तेलात विरघळायला लागल्या. वीजभार वाढवून घ्यायचा अर्ज मीच उशिरा केला होता, त्यामुळे मोठं ग्राइंडर नुसतं उभं. तळणाला आलेल्या दोन ताईंना आमची पद्धत समजावून सांगायलाही वेळ नव्हता. शेवटी घेतलेल्या ऑर्डरींपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांचे पैसे परत केले. त्यातली बरीच गिऱ्हाइकं पुन्हा आली नाहीत. ऐन दिवाळीत ज्यांचा डबा रिकामा राहिला, त्यांनी का यावं?

दिवस शुभच होता. पण त्या दिवसापर्यंत जे शिकून व्हायला हवं होतं ते आम्ही गर्दीत, गिऱ्हाइकाच्या पैशावर शिकत होतो. त्यानंतर ओळखीतल्या ज्या कुणी ‘धंदा कधी सुरू करू?’ म्हणून विचारलं, त्यांना मी एकच सांगत आले आहे: तुमचा मोठा हंगाम कोणता ते ठरवा आणि तिथून मागे मोजत या. ही मोजणी कशी करायची ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहिते. उदाहरणं माझ्या धंद्यातली जास्त असतील, कारण तेच मला नीट माहीत आहे. पण रीत शिवणकामापासून होमस्टेपर्यंत कुठेही चालते.

पहिली पायरी: गिऱ्हाइकाचं वर्ष मांडा

एक मोठा कागद घ्या आणि बारा रकाने आखा. इंग्रजी महिने वर लिहा, खाली चैत्र-वैशाख लिहा, कारण आपलं गिऱ्हाईक दोन्ही पंचांगांवर जगतं. पगार १ तारखेला होतो, आणि खरेदी मात्र सणाला होते. प्रत्येक रकान्यात दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. या महिन्यात माझ्या वस्तूची गरज कुणाला आहे? आणि या महिन्यात त्याच्या हातात पैसा आहे का?

दुसरा प्रश्न लोक विसरतात. जून महिन्यात शाळेची गरज प्रत्येक घराला असते, पण फी, वह्या, गणवेश, रेनकोट यांतच घर पिळून निघालेलं असतं. म्हणून त्या महिन्यात दप्तराचं दुकान चालतं आणि शेजारचं साड्यांचं दुकान ओस असतं.

पैसा केव्हा येतो हे गावागावात बदलतं. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यावी असा नियम आहे, प्रत्यक्षात मागेपुढे होतं, हप्ते पडतात, पण हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात हा तिथला पैशाचा काळ. लातूर, धाराशिव, हिंगोलीकडे सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात निघतं, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर हातात रोकड. विदर्भ-खानदेशात कापसाची वेचणी दसऱ्याच्या सुमाराला सुरू होते आणि पैसा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने येत राहतो. नाशिक भागात द्राक्षं जानेवारी ते एप्रिल. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत साठवून भाव बघून पुढे अनेक महिने विकला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा-काजूचा पैसा मार्च ते मे, आणि चाकरमानी घरी येतात ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला.

तेव्हा पुण्यातल्या कुणाची यशोगाथा ऐकून लातुरात त्याच महिन्यात दुकान उघडू नका. तुमच्या गावात मोटारसायकलच्या शोरूमसमोर गर्दी कधी होते ते बघा. सोनाराला विचारा, भांड्यांच्या दुकानदाराला विचारा. तुमच्याच धंद्यातल्या माणसाला विचारायचं असेल तर तालुका सोडून दुसरीकडे जा. तुम्ही त्याच्या समोरच दुकान टाकणार नाही हे कळलं की माणूस मन मोकळं करून सांगतो, वर चहाही पाजतो. मी अशी तीन दुकानं हिंडले आणि मला वर्षभर पुरेल एवढी माहिती मिळाली. फक्त हे मी दसऱ्यानंतर केलं, आधी करायला हवं होतं.

दुसरी पायरी: मालाचं वर्ष वेगळं असतं

विकायचा हंगाम आणि घ्यायचा हंगाम क्वचितच एक असतो. मसाल्याचंच बघा. लाल मिरचीची मोठी आवक जानेवारी ते एप्रिल. ब्याडगीचा बाजार तेव्हा भरलेला असतो. सांगलीत नवी हळद फेब्रुवारीपासून यायला लागते. धने, जिरे यांचं नवं पीकही उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतं. घरोघरी वर्षाचा मसाला करायची वेळही हीच, मार्च ते मे, कारण ऊन कडक हवं आणि पावसाच्या आत डबे भरले पाहिजेत. म्हणजे मसाल्याला घेणं आणि विकणं दोन्ही एकाच तीन महिन्यांत येतं. ज्याला डंका-कांडप (मसाला कुटून द्यायची गिरणी) किंवा मसाला सुरू करायचा आहे त्याचं यंत्र जानेवारीअखेर फिरायला लागलं पाहिजे. एप्रिलमध्ये यंत्र बसवलं तर निम्मा हंगाम गेला, आणि पुढे आठ महिने किरकोळ विक्रीवर काढायचे.

फराळाचं उलट. हरभऱ्याची आवक फेब्रुवारी ते एप्रिल, विक्री ऑक्टोबर-नोव्हेंबरात. डाळ उन्हाळ्यात घेऊन, ऊन दाखवून ठेवता येते. बेसन मात्र दळून ठेवू नका, खवट होतं. वाळवणाचं आणखी निराळं: पापड, कुरडया, सांडगे उन्हाळ्यातच होतात, पण बाजारात ते वर्षभर जातात, श्रावणात उपवासाच्या पापडांना जोर असतो. इथे हंगाम विक्रीचा नसून उन्हाचा आहे. हा धंदा सुरू करायचा तर फेब्रुवारीत गच्ची हातात हवी, आणि जूनपर्यंत नुसता खर्च होणार हे धरून चालायचं.

लोणचं, पन्हं, आमरस, कोकम सरबत यांचाही असाच हिशोब. कैरी एप्रिल-मे, रातांबे एप्रिल-मे. त्या सहा-आठ आठवड्यांत माल भरला नाही तर वर्ष गेलं.

तुमचा धंदा असा नसेल, शिवणकाम, ब्यूटी पार्लर, संगणक दुरुस्ती, झेरॉक्स, तर मालाऐवजी माणसांचं वर्ष मांडा. कारागीर कधी मोकळे असतात? चांगला शिंपी दसऱ्यापासून लग्नसराई संपेपर्यंत हातातलं काम सोडून येणार नाही. तो शोधायचा आषाढात.

तिसरी पायरी: उलटी मोजणी

आता मोठा हंगाम ठरला. तिथून मागे या. उदाहरणासाठी २०२६ ची दिवाळी घेते.

लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गावातल्या ऑर्डरी आठ दिवस आधी बंद करायच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबर. परदेशी मुला-नातवंडांना डबे पाठवणाऱ्यांची पार्सलं मात्र तीन-चार आठवडे आधी निघायला हवीत, म्हणजे १० ऑक्टोबरच्या आसपास. आता पंचांग बघा: त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला आहे. याचा अर्थ परदेशी फराळ पितृपक्षात तळावा लागणार. ते आपल्याला आणि आपल्या मदतनिसांना चालणार आहे का, हे आधीच घरात बोलून ठेवा. ऐन वेळी कढईसमोर हा वाद नको.

त्याच्या मागे गणपती, १४ सप्टेंबर. ही तुमची रंगीत तालीम. मोदकांचं सारण, थोडा चिवडा, मर्यादित ऑर्डरी घेऊन बघा. प्रमाण मोठं केल्यावर काय बिघडतं, पॅकिंगला किती वेळ जातो, कोणती ताई कशात तरबेज आहे हे इथे कळतं. चूक झाली तरी वीस डब्यांची होते.

तालमीआधी यंत्रं, गॅस, वीजभार, पाऊच छापून येणं, वजनकाट्यावर पडताळणीचा शिक्का. यासाठी जून-जुलै-ऑगस्ट धरा. पाऊच छापायच्या आधी अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक हातात हवा, कारण तो पाकिटावर छापावा लागतो. तो क्रमांक नसताना घाईने छापलेली पाकिटं मी रद्दीत दिली आहेत. कर्ज काढायचं असेल तर त्याची कागदपत्रं एप्रिल-मेमध्ये बँकेत पोहोचली पाहिजेत. डाळ, तांदळाच्या खरेदीला पैसाही तेव्हाच लागतो.

बघा, कुठे येऊन पोहोचलो. दिवाळीचा धंदा गुढीपाडव्याच्या सुमाराला सुरू होतो. आणि माझी पूजा दसऱ्याला झाली होती.

हीच मोजणी प्रत्येक धंद्याला लावा, आणि जो आकडा येईल त्यात एक महिना वाढवा. सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन यांनी दिलेल्या तारखा मी आजवर तंतोतंत पाळलेल्या पाहिल्या नाहीत. तेही बिचारे चार ठिकाणी अडकलेले असतात.

सणांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात हेही लक्षात ठेवा. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते अठरा दिवस पुढे गेलं, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. गेल्या वर्षीची वही उघडून त्याच तारखांना माल भरलात तर फसाल. तिथीने मोजा. आणि अधिक महिना म्हणजे सगळ्यांनाच मंदी असं नाही. त्या काळात लग्नं थांबतात, केटररचे हात रिकामे होतात, पण जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची पद्धत असल्यामुळे अनारसे करणाऱ्याला उसंत नसते. साधारण पावणेतीन वर्षांनी येणारा हा महिना मिठाई आणि चांदीच्या छोट्या वस्तू विकणाऱ्यांनी दिनदर्शिकेवर लाल पेनने खुणावून ठेवावा.

साडेतीन मुहूर्त, कुणाला कोणता

मुहूर्त सोडा असं मी म्हणणार नाही. पूजेच्या दिवशी सासूबाईंनी गल्ल्यावर स्वस्तिक काढलं तेव्हा मला जे बळ मिळालं ते कुठल्याही हिशोबात बसत नाही. शिवाय गिऱ्हाईक, बँकेतले साहेब, जागामालक सगळेच मुहूर्त मानतात. पण साडेतीन मुहूर्त वर्षाच्या वेगवेगळ्या जागी आहेत, आणि प्रत्येकाच्या पुढे येणारा हंगाम वेगळा आहे. त्यातून आपला निवडायचा.

गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये. पुढे उन्हाळा, सुट्ट्या, लग्नं, यात्रा-जत्रा, लोणची, वर्षाची साठवण. आर्थिक वर्षही इथेच सुरू होतं. माझ्या मते बहुतेक छोट्या धंद्यांना हा दिवस सगळ्यात सोयीचा, कारण दिवाळीपर्यंत सहा-सात महिने शिकायला मिळतात. अपवाद उन्हाळी धंद्यांचा. रसवंती, कुल्फी, एसी-कूलर दुरुस्ती यांना पाडवा उशिराचा आहे, त्यांचं गुऱ्हाळ महाशिवरात्रीलाच फिरलं पाहिजे.

अक्षय्य तृतीया एप्रिल-मेमध्ये. पुढे दोन महिन्यांत पाऊस आणि शाळा. शालेय साहित्य, गणवेश शिवणं, छत्री-रेनकोट, बियाणं-खतांचं दुकान (त्याचा परवाना बराच आधी काढायला घ्या), खासगी शिकवणी. शिकवणी सुरू होते जूनमध्ये, पण पालक निर्णय घेतात एप्रिल-मेमध्ये, म्हणून पाटी तेव्हा लागलेली हवी. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा उघडतात, तिकडे आठवडाभर जास्त मिळतो.

दसऱ्याबद्दल मी सुरुवातीलाच सांगितलं. दिवाळीवर पोट असलेल्यांनी दसऱ्याला पूजा खुशाल करावी, पण धंदा त्याआधी तीन महिने चालू झालेला असावा. दसरा खरा उपयोगी पडतो तो ज्यांचा मोसम त्यानंतर लांबवर पसरलेला आहे त्यांना: कोकणातला होमस्टे, हुरडा पार्टी आणि कृषी पर्यटन, ट्रेकिंगच्या सहली. पाऊस ओसरलेला, पुढे दिवाळीची सुट्टी, नाताळ, मग मे महिना. मात्र कासच्या पठाराजवळ राहायची सोय करणार असाल तर हेच गणित उलटतं. फुलांचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, दसऱ्याला तो संपत आलेला असतो.

दिवाळी पाडवा हा अर्धा मुहूर्त. व्यापारी वह्या बदलतात तो दिवस. वरवर पाहता गर्दी संपल्यावर दुकान उघडण्यासारखं. पण दहा-बारा दिवसांत तुळशीचं लग्न लागतं आणि चातुर्मासात थांबलेली लग्नसराई मोकळी होते. मंडप, केटरिंग, मेंदी, फेटे बांधणं, ब्लाउज शिवणं, पत्रिका छपाई, रुखवत. यांच्यासाठी पाडवा चांगला, कारण पहिल्या वर्षी मोठी कामं कुणी देत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात साखरपुडे, छोटे कार्यक्रम करून हात बसतो आणि एप्रिल-मेच्या मोठ्या तिथींसाठी नाव तयार होतं.

आणि काही धंद्यांना मुहूर्तापेक्षा पथ्यं महत्त्वाची. मांसाहारी खानावळ आषाढ अमावास्येनंतर उघडू नका. श्रावण, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र, एकामागून एक. कोजागिरीच्या सुमाराला उघडा. मासे विकणार असाल तर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नव्या मालाची सुरुवात ऑगस्टमध्ये, त्याआधी बर्फाची पेटी आणि ओटा तयार ठेवा. पोळी-भाजी केंद्र किंवा डबे विद्यार्थ्यांच्या भरवशावर चालणार असतील तर जून-जुलैमध्ये सुरू करा, खोलीवर नव्याने आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात जो डबा लावतो तोच बहुधा वर्षभर ठेवतो. मे महिना आणि दिवाळी त्यांच्यासाठी रिकामी.

किराणा, औषधं, दूध यांना हंगाम जवळजवळ नाही. तिथे महिना शोधत बसू नका, जागा शोधा.

मंद महिने तयारीला वापरा

आषाढ आणि पितृपक्ष या दोन काळात लोक नवीन काही सुरू करत नाहीत. मला हे दोन्ही काळ तयारीसाठी फार आवडतात. जागामालकाकडे त्या दिवसांत विचारणा कमी असते, बोलणी शांतपणे होतात. करारावर सही नको वाटत असेल तर बोलणी आत्ता करा, टोकन पुढे द्या.

जागा बघायचीच असेल तर भर पावसात बघा. जुलैमध्ये, तीन दिवस संततधार झाल्यावर. छत गळतं का, शटरखालून पाणी येतं का, भिंतीला ओल कुठवर चढली आहे, समोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं का. मसाला, कापड, कागद यांपैकी काही ठेवणार असाल तर ओल म्हणजे थेट नुकसान. हीच जागा फेब्रुवारीत कोरडी ठणठणीत आणि रंगवलेली दिसते. आम्ही दुसऱ्यांदा जागा घेतली तेव्हा पावसात चार गाळे पाहिले आणि त्यातले तीन तिथेच बाद झाले.

भाडेकरार करताना एक तारीख नीट लिहून घ्या: भाडं कधीपासून लागू होणार. फर्निचर, वीज, रंग यांत महिना-दीड महिना जातो. तेवढे दिवस भाडं माफ किंवा निम्मं, हे मंद महिन्यात मागितलं तर मिळू शकतं. दसऱ्याच्या आधी कुणी देणार नाही. करार नोंदवूनच घ्या, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि पुढे कर्ज, जीएसटी, वीजमीटर सगळीकडे तोच कागद मागतात. मुदत किती हेही हंगामाशी जुळवा. अकरा महिन्यांचा करार ऑक्टोबरात केला तर तो पुढच्या सप्टेंबरात संपतो, म्हणजे तुमची सगळी रक्कम मालात अडकलेली असताना मालक भाडेवाढीला येऊन उभा. तीन वर्षांचा करा, आणि वाढ दरवर्षी किती ते आधीच ठरवा.

सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होतं

२० मार्चला धंदा सुरू केलात तर बारा दिवसांतच तुमचं पहिलं आर्थिक वर्ष संपतं. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात त्या बारा दिवसांचाही हिशोब त्या वर्षाच्या उत्पन्नात धरावा लागतो. फार मोठी अडचण नाही, पण दहा-बारा दिवसांनी काही बिघडत नसेल तर पहिलं बिल एप्रिलमध्ये फाडा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणार असाल तर १ जानेवारीनंतर नोंदलेल्या कंपनीला पहिलं वर्ष पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत धरता येतं.

जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात मालविक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीनंतर बंधनकारक होते. पण करपात्र माल राज्याबाहेर विकणार असाल तर ही मर्यादा चालत नाही, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. बेंगळुरू-हैदराबादच्या मराठी घरांना डबे विकायचे मनात असेल तर हे काम ऑगस्टच्या यादीत घाला. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या धंद्याने उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरायची सोय, नव्याने नोंदणी करताना निवडता येते. नंतर यायचं ठरवलं तर आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आत कळवावं लागतं, आणि त्या योजनेत राहून राज्याबाहेर माल विकता येत नाही. आपल्या सीएशी हे दोन मुद्दे नक्की बोला.

अनुदानाच्या योजनांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, पण ते नव्या उद्योगाला. ‘आधी सुरू करू, मग अर्ज करू’ म्हणणाऱ्या दोघी मला माहीत आहेत आणि दोघींचा हक्क गेला. उद्दिष्टं आर्थिक वर्षाप्रमाणे असतात. एप्रिल ते जूनमध्ये केलेल्या अर्जाला वर्षभर वेळ मिळतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये बँकेत सगळे वसुली आणि वर्षअखेरीत गुंतलेले असतात. अनुदान गृहीत धरलं असेल तर सुरुवातीची तारीख त्या मंजुरीच्या मागे ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, आधारवर, ऑनलाइन आणि मोफत होते, तिच्यासाठी कुणाला हजार-दोन हजार देऊ नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यायची असते, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. ही दोन्ही कामं एका दुपारची आहेत.

कोरड्या महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढा

समजा भाडं १२,०००, एका मदतनिसाचा पगार १०,०००, वीज-पाणी-फोन ३,०००, कर्जाचा हप्ता ७,०००. महिन्याला ३२,००० ठरलेला खर्च. मंद महिन्यात मालाचा खर्च जाऊन हातात १४,००० उरतात असं धरा. दरमहा १८,००० ची खोट. तुमच्या बारा रकान्यांत असे चार महिने सलग दिसत असतील तर ७२,००० रुपये धंदा सुरू व्हायच्या दिवशी वेगळ्या खात्यात पडलेले हवेत. हे खेळतं भांडवल नाही, त्यातून माल भरायचा नाही.

सुरुवातीची तारीख ठरवताना हा आकडा सगळ्यात जास्त बोलतो. हंगामाच्या तीन महिने आधी सुरुवात केलीत तर खोट तीन महिन्यांची आणि मग सुगी. हंगाम संपता संपता केलीत तर आठ-नऊ महिन्यांची. एवढी गंगाजळी नसेल तर तारीख पुढे ढकला, किंवा घरून, भाड्याशिवाय सुरू करा. उधारीवर माल घेऊन मंद महिने काढायचं मनात आणू नका. ठोक व्यापारी पहिल्या वर्षी पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही.

घरातलं वर्षही मांडा

याला मी शेवटी घेते, पण कितीतरी धंदे इथेच अडतात. मुलीची दहावी असलेल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकान उघडू नका. शेती असेल तर पेरणी आणि काढणीचे आठवडे सोडा. घरात लग्न आहे, बाळंतपण आहे, आईचं ऑपरेशन ठरलंय, तर ते त्या कागदावर लिहा. नोकरी सोडून येणार असाल तर दिवाळीचा बोनस हातात पडू द्या, आणि पाच वर्षं भरायला थोडे महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबा. तेवढ्या रकमेत वर सांगितलेली खोट बऱ्याच अंशी भरून निघते.

आधी काम, मग फीत

आता सगळं जुळलं. मुहूर्ताच्या दीड-दोन महिने आधी, कुठलीही जाहिरात न करता काम सुरू करा. ओळखीच्या वीस-पंचवीस घरांना सांगा, पैसे घेऊनच माल द्या. फुकट दिलेल्या डब्याला सगळे छानच म्हणतात, पैसे मोजलेलं माणूस मीठ जास्त झालं तर सांगतं. किती वाजता गर्दी होते, कोणता माल उरतो, सुट्टे पैसे किती लागतात, कोण वेळेवर येतं, हे सगळं या दिवसांत बसवून घ्या. ज्या दिवशी सलग दोन आठवडे एकही ऑर्डर चुकलेली नसेल, तेव्हा पत्रिका छापायला टाका. पुढचा जवळचा मुहूर्त बघून पूजा करा, सगळ्यांना बोलवा.

आणि भवानीच्या दिवसापासून रोजमेळात विक्रीशेजारी तीन गोष्टी लिहा: तिथी, पाऊस होता की ऊन, आणि गिऱ्हाइकाने मागितलं पण आपल्याकडे नव्हतं असं काय. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत भाद्रपदात अकरा वेळा ‘उकडीच्या मोदकांची पिठी’ लिहिलेलं आहे. दुसऱ्या वर्षी श्रावण लागताच आंबेमोहोर धुऊन वाळत घातला.